शंख ठेवाल, पण गोगलगाय फेकून द्याल : आमच्या कॉलेजच्या व्यवस्थापनाला खुलं पत्र

माननीय अध्यक्ष, सर्व विश्वस्त आणि प्राचार्य मॅडम,

सादर नमस्कार.

प्राणीशास्त्र विभागाचं म्युझियम दिवाळीच्या सुट्टीत रिकामं करून तिथे स्मार्ट क्लासरूम करायची असं तुम्ही ठरवलंय, ती नोटीस एका माजी विद्यार्थिनीने मला व्हॉट्सॲपवर पाठवली. क्लासरूमला माझा विरोध नाही, पोरांना चांगली खोली मिळत असेल तर जरूर मिळू दे. पण त्या नोटिशीत जमिनीवरच्या गोगलगायींच्या बरण्यांबद्दल जे लिहिलंय ते वाचून मला गप्प बसवेना. बरण्यांतून शंख काढायचे, धुऊन शोकेसमध्ये मांडायचे आणि आतला "खराब झालेला मऊ भाग" कचऱ्याच्या गाडीला द्यायचा. मी आधी मॅडमना पत्र दिलं, मग ऑफिसात जाऊन भेटलो, तिथे "शंख ठेवतोय ना काका, मग काय प्रॉब्लेम आहे" एवढंच उत्तर मिळालं. प्रॉब्लेम काय आहे ते तेव्हा उभ्या उभ्या सांगता आलं नसतं, म्हणून आता सविस्तर लिहितोय आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय, कारण त्या बरण्यांतला माल ठाण्याच्या डोंगरातला आहे आणि त्यावर ठाणेकरांचाही हक्क आहे.

मी या विभागात लॅब असिस्टंट होतो. बरण्यांतलं स्पिरिट बघणं, कमी झालं की भरणं, लेबल सुटलं तर नवीन करणं हे निवृत्त होईपर्यंत माझं काम. आमच्या तेव्हाच्या विभागप्रमुख सरांनी हा सगळा संग्रह केला, पावसाळ्यात येऊर, कोलशेत, घणसोलीचा गवळीदेव, कर्नाळा असं फिरून, आणि त्यांच्यासोबत पिशव्या घेऊन मीही फिरलोय. डिसेक्शनही त्यांनीच मला शिकवलं. त्यामुळे त्या तीन कपाटांत काय आहे हे आज कॉलेजात असलेल्या कुणाहीपेक्षा मला जास्त माहीत आहे असं मी जबाबदारीने म्हणतो.

मूळ मुद्दा असा आहे की एकमेकींच्या जवळच्या गोगलगायी शंखावरून वेगळ्या ओळखता येत नाहीत. काही येतात, ते मान्य. आपल्या मुंबई-ठाण्याच्या जंगलातली अरिओफँटा लीव्हिपेस बघा, तिचा शंख डावीकडे वळतो, बहुतेक गोगलगायींचा उजवीकडे वळतो, ती शाळेतलं पोरगंही ओळखेल. आफ्रिकन गोगलगाय, जिला शेतकरी शंखी गोगलगाय म्हणतात, तीही पूर्ण वाढलेली असेल तर लांबून कळते. पण मॅक्रोक्लॅमिस आणि तिच्या आसपासचा गट घ्या. पातळ, चकचकीत, तपकिरी, चपटासा शंख, पाऊस पडला की सोसायटीच्या कुंड्यांत आणि कंपाउंडच्या भिंतीवर दिसते ती. या वर्णनाच्या जाती ढिगाने आहेत. शंख कसा होणार हे पाऊस, ऊन आणि माती यावर बरंच अवलंबून असतं, मातीत चुना कमी मिळाला की शंख पातळ होतो, ओलावा लवकर संपला की वाढ खुंटते आणि शंख लहान राहतो, त्यामुळे एकच जात दोन डोंगरांवर वेगळी दिसू शकते आणि दोन जाती एकाच पालापाचोळ्यात अगदी सारख्या दिसू शकतात. मग फरक बघायचा कुठे? तर आत, मुख्यतः प्रजननाच्या अवयवांत.

हे काही आमच्या सरांच्या डोक्यातून निघालेलं नाही. ज्याच्या नावाने के-टू शिखर एकेकाळी ओळखलं जायचं तो गॉडविन-ऑस्टिन सर्व्हे ऑफ इंडियामध्ये नकाशे करायचा, आणि नोकरी सोडल्यावर त्याने आयुष्याची पुढची कितीतरी वर्षं भारतातल्या गोगलगायी उघडून त्यांच्या आतल्या अवयवांची चित्रं काढण्यात घालवली. आपल्या बागांत सगळीकडे सापडणाऱ्या मॅक्रोक्लॅमिस इंडिकाचं नाव त्यानेच १८८३ मध्ये प्रसिद्ध केलं. युरोपात सेपीआ नेमोरालिस आणि सेपीआ हॉर्टेन्सिस या दोन पट्टेवाल्या बहिणी आहेत, लोक त्यांना शंखाच्या ओठाच्या रंगावरून ओळखतात, तपकिरी असेल तर पहिली, पांढरा असेल तर दुसरी, पण पांढऱ्या ओठाची नेमोरालिसही निघते आणि मग निकाल लागतो तो तिच्या पोटातल्या डार्टवरून, म्हणजे मीलनाच्या वेळी जोडीदाराला टोचायच्या काट्यावरून. हॉर्टेन्सिसच्या डार्टच्या कडा दुभंगलेल्या असतात, नेमोरालिसच्या साध्या. सक्सिनिया नावाच्या ओल्या जागेतल्या गोगलगायींच्या कुळात तर शंखावर विसंबून जात सांगूच नये असं त्यातली जाणकार माणसं स्पष्ट सांगतात. आणि लांब कशाला जायचं, आपल्या आंबोलीतून २०२१ मध्ये वरदिया अंबोलीएन्सिस ही नवी जात, नुसती जात नाही तर नवी प्रजाती, म्हणजे जातींच्या वरचा अख्खा नवा गट (जीनस), जगासमोर आली. तिचा शंख इतका लहान आहे की प्राणी त्यात मावतच नाही. तिथे कुणी शंख तेवढा ठेवून बाकीचं टाकून दिलं असतं तर काय उरलं असतं?

आता हे काम प्रत्यक्षात कसं होतं ते सांगतो, म्हणजे "मऊ भाग" म्हणजे काय ते तुम्हाला कळेल. उकळून गार केलेल्या पाण्यात गोगलगाय काठोकाठ भरलेल्या बाटलीत रात्रभर ठेवतात, हवेचा बुडबुडा राहू द्यायचा नाही, म्हणजे ती अंग बाहेर काढून सैल पडते. तशीच स्पिरिटमध्ये टाकली तर ती आखडून शंखात शिरते आणि मग आतलं काही नीट सुटत नाही. सत्तर टक्के स्पिरिटमध्ये टिकवलेली गोगलगाय मेण ओतलेल्या बशीत घ्यायची, शंख हलक्या हाताने फिरवत सोडवायचा, उजव्या मोठ्या शिंगाच्या मागे जननछिद्र असतं ते शोधायचं (डावखुऱ्या गोगलगायीत ते डावीकडे), तिथून पाठीवर चीर घ्यायची आणि कातडी दोन्ही बाजूंना पिनांनी ताणून बसवायची. आधी अन्ननलिका आणि लाळग्रंथी बाजूला करायच्या. मग खाली नर आणि मादी दोन्हींचे अवयव एकाच शरीरात दिसतात. अल्ब्युमिन ग्रंथी, झालरीसारखी चुणीदार नळी, शिश्न, त्याला जोडलेला नळीचा भाग म्हणजे एपिफॅलस, लांब देठाची बर्सा नावाची पिशवी, आणि काही गटांत डार्ट सॅक, म्हणजे तो टोचायचा काटा जिथे तयार होतो ती पिशवी. सुईने एकेक धागा सोडवायचा, ओढायचा नाही, ओढला की तुटतो आणि मग ती गोगलगाय गेली. देठ किती लांब, एपिफॅलस कुठे वळतो, त्याला फ्लॅजेलम, म्हणजे शेपटीसारखा फाटा, आहे की नाही, शिश्नाच्या आत घड्या आहेत की बारीक उंचवटे, हे बघून जाती वेगळ्या होतात.

येऊरच्या पाटोणपाड्याची एक बरणी आणि कोलशेतची एक बरणी अशा दोन आहेत. दोन्हींतले शंख सरांनी कागदावर शेजारी ठेवून व्हर्नियरने मोजले, उंची, रुंदी, वेढे, काही फरक निघेना. रंगही तोच. सर म्हणाले उघडून बघू. पाटोणपाड्याच्या प्रत्येक गोगलगायीत डार्ट सॅक ठसठशीत होती, जाड स्नायूची, चिमट्याला घट्ट लागणारी. कोलशेतच्या एकीतही नव्हती. वयात न आलेल्या गोगलगायीत हे अवयव तयारच नसतात, म्हणून सरांनी तेही तपासलं, तर कोलशेतवाल्यांची अल्ब्युमिन ग्रंथी चांगली फुगलेली, म्हणजे पूर्ण वाढलेल्या होत्या. मॅक्रोक्लॅमिसच्या या गटात मोठी झाली तरी शंखाचा ओठ जाड होत नाही, तेव्हा ती वयात आली की नाही हेसुद्धा बाहेरून सांगता येत नाही, आत बघावं लागतं. सरांनी कोलशेतच्या लेबलवर पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढलं, ते अजून तसंच आहे. ती कोणती जात, नावाची की बिननावाची, हे आजही ठरलेलं नाही. आणि कोलशेतला जिथून आम्ही ती उचलली तिथे आता टॉवर उभे आहेत. तुमच्या नोटिशीप्रमाणे या दोन बरण्यांतले शंख धुऊन एका ट्रेमध्ये पडतील आणि मग जगातला कोणताही तज्ञ त्यांना वेगळं करू शकणार नाही.

हे झालं मूळ दुखणं. आता ऑफिसात मला जी कारणं सांगितली त्यांच्याबद्दल.

फोटो काढलेत, असं सांगितलं. मी ते फोटो बघितले. मोबाईलवर बरणीबाहेरून काढलेत, काचेवर ट्यूबलाइट चमकतेय. त्यात लेबलही धड वाचता येत नाही, अवयवांचा तर प्रश्नच नाही.

आता डीएनए आलंय, असंही एका तरुण सरांनी सांगितलं. डीएनए मोठी मदत आहे, मला त्याबद्दल आदर आहे. पण डीएनए जुळवायला ज्याचं नाव पक्कं आहे असा नमुना आधी हातात लागतो, आणि नाव पक्कं करायचं तर जुन्या वर्णनांतल्या शरीररचनेशी ताडून बघावं लागतं. दुसरं, जमिनीवरच्या गोगलगायींत एकाच जातीतसुद्धा मायटोकॉन्ड्रियल डीएनए खूप वेगवेगळं निघतं, तेव्हा नुसत्या त्याच्यावर रेघ मारली तर एका जातीच्या चार होण्याची भीती. दोन्ही पुरावे एकत्र ठेवायचे असतात. शिवाय डीएनए काढणार कशातून? त्याच मऊ भागातून ना, जो तुम्ही गाडीला देताय.

डिसेक्शन बंद झालंय, हे तिसरं. यूजीसीने २०१४ मध्ये अभ्यासक्रमातलं प्राण्यांचं डिसेक्शन बंद केलं हे मला माहीत आहे. आमच्या वेळी बीएस्सीला पायला, म्हणजे तलावातली ती मोठी गोगलगाय, ढिगाने कापली जायची, ते थांबलं ते बरं झालं असं माझंही मत आहे. पण या बरण्यांतली गोगलगाय आज कुणी मारत नाहीये. ती केव्हाच गेली. उलट नवीन जीव घ्यावा लागू नये म्हणूनच जुना नमुना जपायचा असतो. आणि येऊर हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग, आज तिथून एक गोगलगाय आणायची तर वनखात्याची परवानगी हवी, जी मिळायला किती चपला झिजवाव्या लागतात ते संशोधन करणाऱ्या पोरांना विचारा. त्याच डोंगराखालून ठाणे-बोरिवली दुहेरी बोगद्याचं काम चाललंय, घोडबंदर रोडची दोन्ही अंगं बांधून झालीत. पूर्वी इथे काय राहत होतं हे सांगणारा पुरावा ज्यांच्याकडे आहे त्यांनी तो फेकून द्यावा हे मला कुठल्याच हिशोबात बसवता येत नाही.

चौथं कारण आगीचं. हे कारण खरं आहे, मी ते झटकून टाकणार नाही. स्पिरिट पेट घेतं. पण त्याला उपाय आहेत, लोखंडी कपाटं, तळमजल्यावरची हवेशीर खोली, जवळ स्विचबोर्ड नको, आणि दाराशी चालू अवस्थेतला एक्स्टिंग्विशर. केमिस्ट्रीच्या स्टोअरमध्ये याहून जास्त स्पिरिट आणि ॲसिटोन पडलेलं असतं, ते आपण गाडीला देत नाही, व्यवस्थित सांभाळतो.

आणि "खराब झालेला" हा शब्द. तो मला सगळ्यात लागला. खराब का झाला? मी निवृत्त झाल्यावर माझी जागा भरली गेली नाही. राज्य उत्पादन शुल्क खात्याचं स्पिरिटचं परमिट वेळेवर रिन्यू केलं गेलं नाही, म्हणून स्पिरिट आलं नाही, म्हणून बरण्या भरल्या गेल्या नाहीत. स्पिरिट आधी उडतं आणि पाणी मागे राहतं, त्यामुळे बरणी अर्धी दिसत असली तरी आत बरंचसं पाणीच उरलेलं असू शकतं आणि त्यात गोगलगाय लिबलिबीत होते. हे विभागाला मी लेखी कळवलं होतं, त्याची पोच माझ्याकडे आहे. काळजी घेतली नाही म्हणून वस्तू बिघडली आणि बिघडली म्हणून टाकायची, हे बरोबर नाही मॅडम. शिवाय सगळ्या बरण्या बिघडलेल्या नाहीत. भेटायला आलो त्या दिवशी काचेच्या दारातून मी मधल्या कपाटाचे दोन खण पाहिले, त्यात बऱ्याच बरण्या अजून भरलेल्या आहेत. ज्या पार वाळल्यात त्याही लगेच टाकू नयेत, ट्रायसोडियम फॉस्फेटच्या पाण्यात भिजवून वाळलेला नमुना काही वेळा पुन्हा मऊ करता येतो.

कुणी म्हणेल एवढ्याशा गोगलगायीसाठी एवढं कशाला. २०२२ च्या खरिपात लातूर, बीड, उस्मानाबादकडे गोगलगायींनी सोयाबीनची कोवळी रोपं खाल्ली, शेतकऱ्यांना दुबार पेरणी करावी लागली, सरकारला नुकसानभरपाई द्यावी लागली. अशा वेळी पहिला प्रश्न असतो की ही कोणती गोगलगाय, इथली की बाहेरून आलेली. आफ्रिकन गोगलगाय बेन्सन नावाच्या माणसाने १८४७ मध्ये मॉरिशसहून आणून कलकत्त्यात सोडली आणि ती पुढे देशभर पसरली. उंदरांतून येणारा मेंदूपर्यंत जाणारा एक जंतही ती वाहून नेते. तिचा बंदोबस्त करायलाच हवा. पण आज ठाणे-नवी मुंबईतल्या सोसायट्यांत काय होतं, माळी दिसेल त्या गोगलगायीवर मीठ टाकतो नाहीतर विषाच्या गोळ्या टाकतो. पिल्लू आफ्रिकन आहे की इथलीच एखादी, जी फक्त कुजका पाला खाते, हे सांगणारं कुणी नाही. ते सांगणारी माणसं अशाच संग्रहांवर हात बसवून तयार होतात, शोकेसमधल्या धुतलेल्या शंखांवर नाही.

तेव्हा माझी मागणी काय ते स्पष्ट लिहितो.

एकही शंख बरणीतून वेगळा करू नका. शंख, शरीर आणि आतलं लेबल ही तिन्ही एकत्र असतील तरच तो नमुना, एक जरी सुटलं तरी बाकीच्या दोघांची किंमत उरत नाही. बाहेरचं लेबल पडलं असेल तर आतलं बघा, सरांनी ती पेन्सिलीने लिहिलीत, स्पिरिटमध्ये पुसली जात नाहीत. कुणी मदतीच्या भरात बॉलपेनने नवीन लिहून आत टाकू नये, शाई विरघळते.

संग्रहाची नोंदवही, जाड पुठ्ठ्याची, हिरव्या कापडाची, ती कुठे आहे ते शोधा. माझ्या शेवटच्या दिवशी मी ती स्टोअरच्या कपाटात ठेवून सही घेतली होती. ती नसेल तर निम्म्या नमुन्यांची जागा आणि तारीख गेली असं समजा.

कोणताही निर्णय अमलात आणण्याआधी झूऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियाच्या पुण्याच्या केंद्राला आणि मुंबईच्या बीएनएचएसला (बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीला) पत्र पाठवून त्यांच्या माणसांना संग्रह बघायला बोलवा. कॉलेजला सांभाळणं जमत नसेल तर तसं सरळ सांगा आणि संग्रह रीतसर त्यांच्यापैकी कुणाकडे सोपवा, त्याचं मला अजिबात वाईट वाटणार नाही. पण तो निर्णय तज्ञांनी बघून व्हावा, रंगकाम करणाऱ्या कॉन्ट्रॅक्टरच्या तारखेवरून नको.

परमिट रिन्यू करा आणि स्पिरिट मागवा. खर्चाचं म्हणत असाल तर माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर मी विषय काढला, वर्गणी काढायला लोक तयार आहेत. भरायचं काम मी येऊन करतो, पगार नको, मानधनही नको. मात्र आधी प्रत्येक बरणीत हायड्रोमीटर घालून टक्केवारी बघावी लागेल, नुसतं वरून ओतून चालणार नाही, आणि बिघडलेल्यांची वेगळी यादी करावी लागेल, तेवढा वेळ द्या. विभागातले एक-दोन विद्यार्थी सोबत दिलेत तर त्यांना काम शिकवूनच देईन.

खोली तुम्हाला हवीच असेल तर तळमजल्यावर जुन्या जिमखान्याच्या शेजारची खोली रिकामी पडून आहे, तिला दोन खिडक्या आहेत, कपाटं तिथे मावतात, मी माप घेऊन आलोय.

या सगळ्यावर मला सुट्टी लागण्याआधी लेखी उत्तर हवंय, आणि उत्तर येईपर्यंत म्युझियमची चावी कॉन्ट्रॅक्टरकडे न देता विभागाकडेच ठेवावी.

आपला नम्र,
प्राणीशास्त्र विभागाचा निवृत्त लॅब असिस्टंट
कळवा, ठाणे